दुसऱ्याच्या नवसाची पायपीट

मोंतेफियास्कोने, टेकडीवरच्या मठातून
मंगळवार, सकाळची न्याहारी झाल्यावर

पूज्य मेहुणे फादर सेत्तिमिओ,

लिबेरोचा दंडवत. हा शब्द तुम्हाला आजवर कधी लिहिला नव्हता, म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. माझी मतं जिथल्या तिथे आहेत, गुडघे तेवढे जागेवर राहिलेले नाहीत. उभ्याने नमस्कार घालायचा तर कोणाला तरी धरावं लागतं. तुमची तब्येत कशी आहे? पायाची सूज उतरली का? लुक्काच्या तुमच्या त्या निवृत्त धर्मगुरूंच्या निवासात सूप अजून कोमटच वाढतात का? आणि पत्त्यांत पानं लपवणारे ते बडे फादर, ते मॉन्सिन्योर, हयात आहेत ना? असणारच. अशा माणसांना वर बोलावून घेण्याची कोणाला घाई नसते. सगळ्यांना माझा यथायोग्य नमस्कार सांगा (माझ्या लग्नात ज्यांनी पवित्र पाण्याने मला भुतासारखं झोडपलं होतं, ते वगळून).

हे पत्र टपालाने धाडत नाही. टपालखात्यावर माझा विश्वास साधारण तुमच्या देवावर आहे तेवढाच. इथे लुक्काचं एक जोडपं भेटलं. बाईंचा पाय मुरगळल्यामुळे दोघं आजच आगगाडीने घरी परततायत, त्यांच्या हाती देतो. फोन करता आला असता. पण फोनवर तुम्हाला सोयीचं तेवढंच ऐकू येतं, आणि मला जे सांगायचं आहे ते मुळीच तुमच्या सोयीचं नाही.

मुळापासून सांगतो. तुम्हाला सगळं माहीत आहे हे खरं, पण आरोपपत्र वाचून दाखवतात तेव्हा आरोपीलाही सगळं माहीतच असतं. माझ्या छातीची शस्त्रक्रिया झाली तेव्हा मी भुलीखाली होतो, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा गप्प होतो, आणि तुमच्या बहिणीने ती संधी साधली. बाहेरच्या बाकावर बसून एल्विराने मरियामातेला नवस केला: लिबेरो वाचला, तर लिबेरो सिएनापासून रोमपर्यंत, संत पेत्राच्या समाधीपर्यंत, पायी जाईल. नवस तिचा, पाय माझे! उभा जन्म मी गिरण्यांच्या फाटकांवर ओरडत आलो की एकाने ठरवायचं आणि दुसऱ्याने राबायचं हा अन्याय आहे, आणि माझ्याच घरात, माझ्याच बेशुद्धीत, माझ्याच वतीने करार होऊन गेला. मी वाचलो. श्रेय मी सर्जनला दिलं, एल्विराने मरियामातेला दिलं, आणि चालणं मात्र माझ्या नावावर राहिलं. मी ते हसण्यावारी नेलं. ती काही बोलली नाही. तुमच्या घराण्यातली माणसं काही बोलत नाहीत तेव्हाच दाराला आतून कडी लावावी, हे मला इतक्या वर्षांच्या संसारात कळायला हवं होतं.

आणि आता तिच्याच हृदयाची झडप बिघडली. डॉक्टर म्हणतात, ताबडतोब ऑपरेशन. बाईसाहेब म्हणतात, सही करणार नाही. का? तर, ‘मागचा नवस फिटलेला नाही, आता नवीन काही मागायला कुठल्या तोंडाने जाऊ?’ मी म्हटलं, अगं, प्रश्न झडपेचा आहे, तोंडाचा नाही. त्यावर उत्तर, ‘तू तिकडे समाधीपाशी पोचलास की मला फोन कर. मी इकडे पेन उचलते.’ ऑपरेशनच्या दोन तारखा तिने अशाच वाया घालवल्या. तिसरी पुढच्या बुधवारची आहे, आणि चौथीची वाट पाहू नका असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन, माझ्या कोटाच्या बटणाकडे बघत सांगितलं. मी सगळा युक्तिवाद काढला. कपाटातली पुस्तकं काढली, इतिहास काढला, विज्ञान काढलं, आणि शेवटी माळ्यावरून बूट काढले.

तुम्ही त्या दिवशी मुद्दाम प्रातोला आमच्या घरी आलात. माझ्या बुटांवर पवित्र पाणी शिंपडलंत, डोळे मिटलेत, आणि ‘जा लिबेरो, वाट तुला बदलेल’ म्हणालात. पाणी आत गेलं. पहिला फोड तिथूनच आला. बदल म्हणाल तर आजवर तेवढाच.

वाटेबद्दल काय लिहू! हजार वर्षं माणसं या वाटेने रोमला चालत गेली, असं जागोजागी फलक लावून सांगतात, जणू हजार वर्षं केलेली चूक ही चूक राहत नाही. या हजार वर्षांत एकालाही सुचलं नाही की गाव पायथ्याशी वसवावं. आमचे पूर्वज शत्रूला घाबरून डोंगरांच्या शेंड्यांवर जाऊन बसले. शत्रू केव्हाच दमून घरी गेले, राहिले ते यात्रेकरू. सकाळी एका शेंड्यावरून उतरा, दिवसभर भाजत्या उन्हातून चाला, आणि जेव्हा पायांत त्राण उरत नाही नेमका तेव्हा पुढचा शेंडा समोर उभा. वर पोचल्यावर गावकरी विचारतात, ‘काय, देखावा आवडला का?’ देखावा! मला समोर काळे ठिपके सोडून काही दिसत नसतं. बरोबर चालणारे यात्रेकरू जर्मन आणि डच. ते चढावर गातात. त्यांच्याविषयी अधिक लिहीत नाही, कारण मी आंतरराष्ट्रीय बंधुत्व मानतो.

सान क्वीरिकोच्या धर्मशाळेत एका सिस्टरने नाव विचारलं. म्हटलं, लिबेरो. ‘कुठले हो हे संत?’ म्हटलं, संत नाहीत. वडील काराराच्या संगमरवराच्या खाणीतले अराजकवादी, मुलाला पाद्र्याचा वारा लागू नये म्हणून त्यांनी नाव ठेवलं लिबेरो, म्हणजे स्वतंत्र. (धाकट्याचं ठेवलं रिबेल्ले, म्हणजे बंडखोर. तो पुढे पोलिसात भरती झाला, ती गोष्ट निराळी.) सिस्टरचे डोळे भरून आले. ‘अगंबाई! म्हणजे तुम्हाला नामदिनच नाही? आपल्या नावाच्या संताचा सणच नाही? जन्मात कोणी केक केला नाही?’ मी सांगायला लागलो की केकवाचून क्रांती अडत नाही, पण ती ऐकेचना. ‘काही काळजी करू नका. ज्यांना आपला संत नाही, त्यांचा नामदिन सर्व संतांच्या दिवशी.’ झालं! बापाने खाणीत हाडं झिजवून मला एका संतापासून वाचवलं होतं, हिने एका वाक्यात मला झाडून सगळ्यांच्या ताब्यात दिलं. वर बदामाची बिस्किटं दिली. ती खाल्ली. बिस्किटांना पक्ष नसतो.

त्याहून वाईट पुढे रादिकोफानीत. तिथल्या धर्मशाळेची चाल तुम्हाला ठाऊकच आहे: संध्याकाळी सेवेकरी यात्रेकरूंचे पाय धुतात आणि पावलावर ओठ टेकतात. मी मागच्या मागे सटकणार होतो, पण बूट काढून बसलेला माणूस कुठे सटकणार? समोर एक म्हातारा गुडघे टेकून बसला, खांद्यावर सेवेकऱ्यांचा आखूड झगा, हातात पाण्याचा जग. त्याने वर पाहिलं, मी खाली पाहिलं. ओत्तोरीनो बार्लाक्की! प्रातोच्या कापडगिरणीचा मालक! ज्याच्या फाटकासमोर रंगाच्या पिंपावर चढून मी त्याला कामगारांच्या रक्तावर फुगलेली जळू म्हटलं होतं. (जळू हा त्या भाषणातला सौम्य भाग.)

‘या, या,’ तो म्हणाला. ‘आज खुर्चीवर का? पिंप मिळालं नाही वाटतं?’

‘माझे पाय मी धुईन,’ मी म्हणालो.

‘गप्प बसा हो. तेव्हा तुम्ही बोललात आणि मी ऐकलं. आता मी धुतो आणि तुम्ही गप्प बसा. द्या तो पाय... अरेच्चा, डावा ठणठणीत आणि उजवा सोलून निघालाय? जन्मभर डावीकडे चालायचं म्हणजे उजव्यावर असा भार पडतो बघा.’

आणि टेकवले ओठ. पूज्य मेहुणे, भांडवलदार गुडघ्यांवर आणि त्याचे ओठ कामगाराच्या पावलावर, या दृश्यासाठी आमच्या पिढ्यान्‌पिढ्या लढल्या, तुरुंगात गेल्या. ते अखेर घडलं, आणि मला खिडकीबाहेर बघावं लागलं. टाळ्या वाजवायला एक कॉम्रेड नाही. आजूबाजूला नुसते डच, तेही रडणारे. नंतर त्याने मला मलम लावलं आणि लोकरी मोज्यांचे दोन जोड दिले. म्हणाला, ‘आमच्या गिरणीची शेवटची खेप. तुमच्या संपामुळे विकायची राहिली.’ मोजे उत्तम आहेत. हे त्याला कळवायचं नाही.

पुढे लाझिओ प्रांतात शिरलो. आपली हद्द सुटली हे पावाने सांगितलं: आपल्याकडचा पाव बिनमिठाचा, यात मीठ होतं. आणि मग आलं रोक्कालुंगा नावाचं एक गाव, ज्याच्यासाठी मी हे पत्र लिहायला घेतलं. घरं मूठभर, चर्च मात्र जहाजाएवढं. मी धापा टाकत चौकात पोचलो तर कारंज्याच्या पायऱ्यांभोवती सगळा गाव जमलेला. दुसऱ्या दिवशी गावच्या संताचा सण, आणि आदल्या संध्याकाळच्या प्रवचनाला शेजारच्या गावचे जे प्रवचनकार यायचे होते ते आलेच नव्हते. आता विचार करा. भरलेला चौक, उंच पायरी, मोकळी जागा, आणि मी. तुम्ही मांजरासमोर मासा ठेवून त्याला संयम शिकवाल काय?

मी चढलो. आणि बोललो, फादर! असा बोललो की खांबांवरची कबुतरं उडाली. म्हणालो, लोक हो, ज्याच्या नावाने हे जहाज बांधलंत तो सुताराचा पोर होता, आणि त्याला अंगरखा एकच होता! गरिबांना उद्याचा स्वर्ग दाखवून त्यांचा आजचा पाव कोणी पळवला ते विचारा! देवळातून सावकारांना चाबकाने हाकलणारा तो, आज इथे आला तर आधी कोणाला हाकलेल ते विचारा! धर्माच्या चिरेबंदी भिंतीचा एकही दगड मी जागेवर ठेवला नाही. घाम पुसायला थांबलो. मग पहिल्या रांगेतल्या एका आजीबाईंनी नाक शिंकरलं, छातीवर क्रूस काढला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, ‘आमेन!’ सगळा चौक म्हणाला, ‘आमेन!’ बायका माझ्या हाताचं चुंबन घ्यायला धावल्या. एकीने सॉसेजची माळ आशीर्वादासाठी पुढे केली. अख्ख्या गावात माझ्यावर चिडलेला माणूस एकच निघाला, तिथला आमच्या लाल पक्षाचा शेवटचा उरलेला सभासद. गर्दी फोडून आला आणि तोंडावर म्हणाला, ‘लाज वाटत नाही? या वयात पाद्र्यांची चाकरी!’

त्या गोंधळातून माझा हात धरून मला बाहेर काढलं तिथल्या फादर लिजोने. हा केरळचा. (आपल्या पोरांना आता धर्मगुरू व्हायचं नाही. डोंगरातली निम्मी चर्चं तिकडची पोरं सांभाळतात, आणि थंडीत दोन-दोन स्वेटर घालून मिस्साची उपासना चालवतात.) घरी नेऊन त्याने मला मिरची घातलेलं मटण खायला घातलं आणि म्हणाला, ‘कॉम्रेड, भाषण बरं होतं. शेवट जरा लांबला.’

मी म्हटलं, तुला काय कळतंय भाषणातलं?

‘माझे वडील पार्टीचे सभासद. आई रोज मिस्साला. लहानपणापासून सकाळी प्रवचन आणि संध्याकाळी सभा. आमच्याकडे तुमच्यासारखे वक्ते गल्लीगल्लीत आहेत, आणि ते निवडूनही येतात.’

मी पाण्याचा जग रिकामा केला. मिरचीमुळे म्हटलं मी. मग कोणालाच सांगितलं नव्हतं ते त्या पोराला सांगून बसलो: नवस, झडप, बुधवार. तो ऐकत राहिला, आणि शेवटी इतक्या सहज म्हणाला, जसं काही मीठ पुढे सरकवावं, ‘पण तुमच्यावर तर बंधन नाहीच, कॉम्रेड. धर्मसभेचा कायदा साफ आहे. नवस जो करतो त्यालाच तो बांधतो. दुसऱ्याच्या पायांचा नवस करता येत नाही. कोणत्याही फादरला विचारा.’

कोणत्याही फादरला! सेत्तिमिओ! लुक्काच्या सेमिनरीत, होणाऱ्या पाद्र्यांना, धर्मसभेचा कायदा कोण शिकवत होतं? मी? बार्लाक्की? केरळहून आलेल्या पोराला जे तोंडपाठ आहे, ते तुम्हाला माझ्या बुटांवर पाणी शिंपडताना आठवलं नाही? तुम्हाला माहीत होतं. एल्विराने तुम्हाला विचारलंसुद्धा असणार, आणि तुम्ही डोळे मिटून मान हलवली असणार, ती तुमची खास मान, जिचा अर्थ हो पण होतो आणि नाही पण. माझ्यासारख्या म्हाताऱ्याला उन्हातान्हात डोंगर चढायला लावून तुम्ही तिथे कोमट सूप पीत बसलात! यालाच मी जन्मभर धर्मसत्ता म्हणत आलो, आणि लोक म्हणायचे, लिबेरो अतिशयोक्ती करतो.

तेव्हा आता माझी मागणी ऐका. ती विनंती नाही. पत्र मिळताच एल्विराला फोन करा. घसा साफ करा, सेमिनरीतला आवाज काढा, आणि तिला स्वच्छ सांगा की हा नवस मला कधीच लागू नव्हता, देणं शिल्लक नाही, वर कोणी वाट पाहत नाही, आणि तिने आजच्या आज सही करावी. मी पहिल्या गाडीने घरी परततो. माझं रोममध्ये काही अडलेलं नाही.

प्रकृतीस जपा. मीठ कमी खा. तुम्ही माझे मेहुणे नसतात तर काय काय लिहिलं असतं याची कल्पना करा, आणि तेही वाचलं असं समजा.

तुमचा, कायद्याने पूर्ण मोकळा,
लिबेरो

ता.क. थांबा. फोन करू नका.

वरचं लिहून झाल्यावर मला तुमचा आवाज ऐकेपर्यंत धीर धरवेना, म्हणून मीच एल्विराला फोन लावला आणि आडून आडून विषय काढला. म्हटलं, समज, नवस करणाऱ्यालाच फक्त नवस लागू होतो असं कोणी म्हणालं, तर?

‘कोण म्हणालं?’

‘असंच. एक केरळचा फादर.’

ती म्हणाली, ‘बरोबरच आहे की रे त्याचं. नवस मी केला, चालायला मीच हवं. उगीच तुझ्या पायांची सालं काढली. परत ये तू. माझे ते तपकिरी बूट कुठे ठेवलेस?’

जिना चढताना जी बाई दोनदा थांबते ती सिएनापासून चालायला निघाली होती! मी ओरडलो. ती म्हणाली, ‘ओरडू नकोस, धर्मशाळेत लोक असतील.’ शेवटी मला शपथेवर सांगावं लागलं की तो फादर नवखा आहे, कच्चा आहे, बिचाऱ्याला आपली भाषासुद्धा धड येत नाही (त्याला ती माझ्यापेक्षा चांगली येते), आणि धर्मसभेचा कायदा तुमच्याइतका कोणालाच कळत नाही, आणि तुमच्या मते नवस सर्वस्वी माझ्यावर आहे, माझ्या दोन्ही पायांवर, रोमपर्यंत. तेव्हा ती शांत झाली. म्हणाली, ‘सेत्तिमिओ म्हणतो तर खरंच असणार.’

आता कळलं तुम्ही गप्प का होतात. निदान तसं समजायची माझी तयारी आहे. तिने विचारलंच, तर तीच ती मान हलवा. बॅग भरली आहे. रविवारी पोचतो.

ता.ता.क. जोडप्याची गाडी यायला अजून वेळ आहे म्हणून एक किरकोळ गोष्ट. काल बोल्सेनाच्या तळ्यापासून वर येताना पावसाने झोडपलं, आणि मी एका शेतातल्या पडक्या छपराखाली उभा होतो. एकटाच. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. तर मी एक नवस केला. एल्विरा शुद्धीवर आली आणि मला नावाने हाक मारली, तर ही सबंध वाट पुन्हा चालेन. आणि सिएनापासून नव्हे, ही वाट मुळात जिथून निघते त्या पार इंग्लंडातल्या कँटरबरीपासून, आल्प्स ओलांडून. सिएना तिने आधीच देऊ केलं होतं, आणि तिच्यासाठी मी पुन्हा तेवढंच देणं बरं दिसलं नसतं. कोणाला उद्देशून केला ते विचारू नका, मला सांगता येणार नाही. माझी श्रद्धा नाही हे मी सुरुवातीलाच मोठ्याने स्पष्ट केलं, उगीच फसवणूक नको म्हणून. या वेळी पाय माझेच आहेत.

माझा प्रश्न निव्वळ कायद्याचा आहे. श्रद्धा नसलेल्या माणसाने केलेला नवस धरतात का? घाईने उत्तर देऊ नका. नीट बघा. नव्या पुस्तकात नसेल तर जुनी काढा; तुमच्या त्या मॉन्सिन्योरना विचारा, पानं लपवणाऱ्यांना पळवाटा माहीत असतात. धरतात असं कुठेही, एका ओळीत जरी लिहिलेलं सापडलं, तरी मला फोन करा. एल्विराला नको, मला. बुधवारच्या आत.